बाबांना सारखं लघवीला जावं लागतंय: तपासणीबद्दल घरोघरी विचारले जाणारे प्रश्न

साठी उलटलेला माणूस ही तक्रार घेऊन सहसा स्वतःहून येत नाही. तो गुडघ्यासाठी येतो, बीपीची गोळी लिहून घ्यायला येतो, आणि उठून दाराशी पोचल्यावर मागे वळून म्हणतो, "डॉक्टर, रात्री जरा दोन-चारदा उठावं लागतं." कधी हे मुलगी किंवा सून फोनवर सांगते. बायकोला तर सगळंच ठाऊक असतं, कारण तिचीही झोप मोडलेली असते. एक फिजिशियन म्हणून या घरांतून मला जे प्रश्न येतात, त्यांची उत्तरं इथे लिहितो आहे.

नक्की किती वेळा गेलं तर ‘वारंवार’ म्हणायचं?

जागेपणी सात-आठ वेळा जाणं बहुतेकांना चालतं. रात्री झोपेतून एकदा उठणं साठीनंतर फार वेगळं मानत नाहीत. दोन किंवा त्याहून जास्त वेळा उठावं लागत असेल तर त्याचं कारण शोधायला हवं. आकड्याइतकाच महत्त्वाचा असतो बदल. जो माणूस मागच्या दिवाळीपर्यंत रात्रभर शांत झोपायचा आणि आता तीनदा उठतो, त्याच्यात काहीतरी बदललेलं आहे.

मात्र ‘वारंवार’ या एका शब्दाखाली दोन अगदी वेगळ्या गोष्टी दडलेल्या असतात. एकाला दर तासाला जावं लागतं आणि प्रत्येक वेळी अर्धा कप लघवी होते. दुसराही तितक्याच वेळा जातो, पण प्रत्येक वेळी तांब्याभर होते. पहिल्याची अडचण मूत्राशयात किंवा त्याच्या तोंडाशी आहे. दुसऱ्याच्या शरीरात लघवीच जास्त तयार होते आहे, म्हणजे कारण साखर, पाणी, मूत्रपिंड, हृदय, औषधं असं कुठेतरी आहे. हा फरक कळल्याशिवाय गोळी सुरू करणं म्हणजे अंधारात दगड मारणं.

वय झालं की हे असंच व्हायचं ना?

वयाबरोबर काही बदल होतात हे खरं. मूत्राशय पूर्वीइतकं ताणलं जात नाही, झोप हलकी होते, रात्री लघवी कमी करणाऱ्या संप्रेरकाचा जोर ओसरतो. पण ‘वय झालं’ हे निदान नव्हे. या दोन शब्दांमागे मधुमेह, तुंबलेलं मूत्राशय, मूत्राशयाचा कर्करोग आणि थकलेलं हृदय, असं सगळं लपून राहिलेलं मी पाहिलं आहे.

आणि हा त्रास माणसाचं जग लहान करतो. एसटीत पंचाहत्तरीनंतर मोफत प्रवास आहे, पण कितीतरी आजोबा नातवाच्या मुंजीला जात नाहीत, कारण गाडी मध्ये कुठे थांबेल याची खात्री नसते. लग्नाच्या हॉलमध्ये शिरल्यावर ते आधी संडास कुठे आहे ते बघून ठेवतात. वर्षानुवर्षं वारी केलेला माणूस एका आषाढीला म्हणतो, "यंदा टीव्हीवरच बघू." घरच्यांना वाटतं, थकले. मला वाटतं, एकदा विचारून बघा.

म्हणजे प्रोस्टेटच वाढलं असणार?

असू शकतं. पुरःस्थ ग्रंथी, म्हणजे प्रोस्टेट, मूत्राशयाच्या खाली मूत्रमार्गाला कड्यासारखी वेढून असते. तरुणपणी ती साधारण २० ग्रॅमची, अक्रोडाएवढी असते. पन्नाशीनंतर ती हळूहळू वाढते. साठीच्या आसपास निम्म्या पुरुषांत या साध्या वाढीच्या खुणा सापडतात, ऐंशीच्या पुढे बहुतेकांत. ही वाढ कर्करोग नसते.

पण प्रोस्टेट वाढलेलं असणं आणि त्रास प्रोस्टेटमुळेच होणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सोनोग्राफीच्या अहवालात ‘ग्रेड टू’ असं वाचून लोक घाबरून येतात. ८० ग्रॅमच्या ग्रंथीचा माणूस आरामात झोपतो आणि ३० ग्रॅमवाल्याची लघवी तुंबते, असं सर्रास दिसतं. ग्रंथी किती मोठी आहे यापेक्षा ती मार्ग किती दाबते हे महत्त्वाचं. शिवाय मूत्राशयाचा स्नायू स्वतःच उतावीळ झालेला असू शकतो: थोडीशी लघवी साठली की तो आकुंचन पावतो आणि माणसाला धावत सुटावं लागतं. अर्धांगवायू, कंपवात, वर्षानुवर्षांचा मधुमेह यांत मूत्राशयाच्या नसा बिघडतात. मूत्राशयात खडा असेल तर चालू धार मध्येच तुटते आणि शिश्नाच्या टोकाशी कळ येते. जंतुसंसर्गात जळजळ होते, आपल्याकडे ज्याला ‘उन्हाळी लागली’ म्हणतात. मात्र प्रत्येक जळजळ उन्हाची नसते, आणि ताक पिऊन महिना घालवणं बरं नाही. इतकंच काय, साधी बद्धकोष्ठताही मूत्राशयावर दाब आणते. पोट साफ झाल्यावर निम्मा त्रास गेलेले लोक आहेत.

पहिल्या भेटीत डॉक्टर काय काय विचारतील?

चांगल्या तपासणीतला मोठा भाग हा बोलण्याचाच असतो, त्यामुळे उत्तरं घरूनच आठवून जा. लघवी सुरू व्हायला उभं राहून वाट बघावी लागते का? धार बारीक झाली आहे का, पायाशी पडते का? कुंथावं लागतं का? झाल्यावर पूर्ण मोकळं वाटतं, की दहा मिनिटांत परत जावंसं वाटतं? घाई इतकी येते का, की मोरीपर्यंत पोचेतो कपडे ओले होतात? रक्त कधी दिसलं का, अगदी एकदाच का असेना? वजन उतरलंय का, तहान वाढली आहे का? पाठ दुखते का, पायांत बधिरपणा आहे का? पूर्वी मूत्रमार्गाचं ऑपरेशन, नळी, गुप्तरोग असं काही झालं होतं का? शेवटचा प्रश्न मुलांसमोर विचारला की उत्तर नेहमी ‘नाही’ येतं. म्हणून मी घरच्यांना पाच मिनिटं बाहेर बसायला सांगतो. त्याचा राग मानू नका.

विडी-सिगारेटबद्दल खरं सांगायला हवं, सोडून वीस वर्षं झाली असली तरी. धूम्रपान हे मूत्राशयाच्या कर्करोगाचं सर्वांत मोठं कारण आहे. रंगाच्या किंवा रबराच्या कारखान्यात काम केलं असेल तर तेही सांगा. तिथल्या काही रसायनांचा संबंध याच कर्करोगाशी आहे.

बरेच डॉक्टर एक छापील प्रश्नावलीही भरून घेतात, आय.पी.एस.एस. नावाची. लक्षणांचे सात प्रश्न, प्रत्येकाला ० ते ५ गुण, एकूण ३५. सातपर्यंत त्रास सौम्य, ८ ते १९ मध्यम, २० पासून पुढे तीव्र. आठवा प्रश्न मला सर्वांत आवडतो: उरलेलं आयुष्य लघवीचं असंच राहिलं तर तुम्हाला कसं वाटेल? त्या उत्तरावर उपचार पुष्कळ ठरतो. या गुणांवरून कर्करोग आहे की नाही हे कळत नाही. त्रास किती आणि औषधाने तो उतरला का, एवढंच कळतं.

लघवीची नोंदवही ठेवा म्हणाले. ती कशी ठेवायची? खरंच गरज आहे का?

आहे. या लेखातली एकच गोष्ट करणार असाल तर ही करा. खर्च जवळजवळ शून्य आणि माहिती सोनोग्राफीपेक्षा कधी कधी जास्त.

मेडिकलमध्ये मापाचा प्लॅस्टिकचा जग मिळतो. नाही मिळाला तर पाण्याची एक लिटरची बाटली वरून कापा, औषधाच्या मापाने पाणी ओतत दर १०० मिलीला मार्करने रेघ मारा. ही बाटली मोरीत ठेवा, शेजारी वही आणि दोरीने बांधलेलं पेन. तीन दिवस, चोवीस तास, प्रत्येक वेळची घड्याळातली वेळ आणि माप लिहायचं. काय प्यायलं, किती, केव्हा, तेही लिहायचं: चहा, ताक, आमटी, गोळीबरोबरचं पाणी, सगळं. झोपायला गेल्याची आणि उठल्याची वेळ. कपडे ओले झाले तर तिथे फुली.

एकाहत्तर वर्षांच्या एका आजोबांची वही कशी दिसते ते उदाहरण म्हणून सांगतो. सकाळी सव्वाआठला १८० मिली, पावणेअकराला २००, दीडला २२०, पावणेपाचला १९०, साडेसातला १७०, झोपताना साडेदहाला १६०. मग रात्री पाऊणला ३१०, अडीचला २९०, सव्वाचारला २८०, आणि सकाळी साडेसहाला उठल्यावर ३२०. आता बेरीज करा. दिवसाची ११२० मिली आणि रात्रीची, सकाळची पहिली धरून, १२००. उठल्यावरची पहिली लघवी रात्रीतच धरतात, कारण ती रात्रभरात साठलेली असते. चोवीस तासांतली अर्ध्याहून जास्त लघवी रात्री होते आहे. पासष्टीनंतर हा वाटा एकूण लघवीच्या एक तृतीयांशाच्या वर गेला तर रात्री लघवी जास्त तयार होते आहे असं समजतात. या आजोबांचं मूत्राशय ३०० मिली व्यवस्थित धरतं आहे. दोन वर्षं प्रोस्टेटच्या गोळ्या घेऊन गुण आला नाही, यात नवल काय? कारण त्यांच्या पायांत होतं, ते पुढे येईलच.

दुसऱ्या एखाद्याच्या वहीत ७०, ९०, ६०, ११० असे आकडे असतात, दिवसरात्र सारखेच. तिथे मूत्राशय नीट रिकामं होत नाही, किंवा भरायच्या आधीच उतावीळ होतं आहे. तिसऱ्याच्या वहीत प्रत्येक वेळी ४०० आणि दिवसाचे तीन लिटरच्या वर. त्याची साखर त्याच दिवशी तपासायची.

दिवसा ठीक असतात, रात्रीच चार-चारदा उठतात. असं का?

संध्याकाळी पायातले मोजे काढल्यावर घोट्याच्या वर खोल वळ उमटलेला दिसतो का? नडगीवर अंगठा दहा सेकंद दाबून धरा. खड्डा पडून राहिला तर पायांत पाणी साठतं आहे. दिवसभर खुर्चीत बसून किंवा उभं राहून पायांत उतरलेलं हे पाणी रात्री आडवं झाल्यावर रक्तात परत येतं आणि मूत्रपिंडं ते लघवीवाटे बाहेर टाकतात. वहीवाल्या आजोबांचं हेच होत होतं, आणि सूज येत होती बीपीच्या ॲम्लोडिपिनमुळे. याच सुजेमागे अशक्त झालेलं हृदय, मूत्रपिंडांचा किंवा यकृताचा आजारही असू शकतो, म्हणून ती नुसती पाय चोळून सोडून देऊ नये.

दुसरं कारण घरच्यांनाच माहीत असतं: घोरणं. मोठ्याने घोरता घोरता श्वास मध्येच थांबतो, मग गुदमरल्यासारखा परत सुरू होतो. या झोपेतल्या श्वासरोधात हृदयावर ताण येऊन असं संप्रेरक स्रवतं की लघवी वाढते. माणूस म्हणतो, लघवीने जाग आली. खरं तर जाग श्वासाने येते.

सुजेच्या बाबतीत दुपारी चार-पाचच्या सुमारास तासभर पाय उशीवर उंच ठेवून पडलं तर बराच फरक पडतो. लघवीची गोळी, फ्युरोसेमाइड किंवा टॉर्सेमाइड, चालू असेल तर तिची वेळ बदलून फायदा होऊ शकतो, पण ते डॉक्टरांना विचारूनच.

चालू असलेल्या औषधांचा काही संबंध असतो का?

फार असतो. सगळी पाकिटं पिशवीत घालून न्या. सर्दीच्या गोळ्या, झोपेची, आयुर्वेदिक पुड्या, शेजाऱ्यांनी दिलेली गोळी, सगळं. सर्दीच्या साध्या गोळीतले घटक मूत्राशयाचं तोंड आवळतात किंवा त्याचा स्नायू ढिला करतात, आणि आधीच अडलेल्या माणसाची लघवी एका रात्रीत पूर्ण तुंबते. नैराश्यासाठी किंवा नसांच्या दुखण्यासाठी देतात त्या ॲमिट्रिप्टिलिनसारख्या गोळ्यांचंही तेच. मधुमेहाच्या डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या साखर मुद्दाम लघवीवाटे बाहेर काढतात. त्यामुळे लघवी वाढते, आणि तपासणीत लघवीत साखर दिसली तरी ते औषधाचंच काम असतं. मात्र यातली कुठलीही गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका.

गुदद्वारातून बोट घालून तपासतात म्हणे. बाबा तयार नाहीत. ते टाळता येतं का?

संकोच मी समजू शकतो. ज्या पिढीने डॉक्टरपुढे सदराही अनिच्छेने काढला, तिला हे सांगणं सोपं नाही. म्हणून काय होतं ते नीट सांगतो.

पडदा ओढलेला असतो. डाव्या कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन झोपायचं. डॉक्टर हातमोजा घालून बोटाला भरपूर जेली लावतात आणि आधी सांगून, सावकाश बोट आत घेतात. शौचाला लागल्यासारखं वाटतं. तोंडाने श्वास सोडत राहिलं की स्नायू सैल पडतात. सगळं मिळून अर्धं मिनिट. त्या अर्ध्या मिनिटात बोटाला जे कळतं ते बाहेरून कळत नाही. साधी वाढलेली ग्रंथी अंगठ्याच्या तळाचा मांसल भाग मूठ वळल्यावर लागतो तशी लागते, गुळगुळीत आणि लवचीक. कर्करोगाची गाठ बोटाच्या पेरासारखी टणक, ओबडधोबड लागते. संसर्ग असेल तर नुसत्या स्पर्शाने रुग्ण कळवळतो. आतड्यात शौच साठून कडक झालं आहे का, गुदद्वाराचा स्नायू पकड धरतो का, म्हणजे मणक्याच्या नसा शाबूत आहेत का, हेही तेव्हाच समजतं.

नकार द्यायचा हक्क रुग्णाचा आहे, आणि जबरदस्ती कुणी करू नये. पण बहुतेक जण लाजेने नको म्हणतात. त्यांना आधी शब्दांत सगळं सांगितलं आणि खोलीतली गर्दी कमी केली की ते तयार होतात.

याआधी पोट तपासायला हवंच. बेंबीच्या खाली हात ठेवल्यावर ताठ, गोल फुगा लागतो का? तो भरलेल्या मूत्राशयाचा असू शकतो.

अंथरूण ओलं होतं, थेंब थेंब गळतं. म्हणजे मूत्राशय रिकामंच असणार ना?

हा गैरसमज सर्वांत महाग पडतो. माठ काठोकाठ भरला की वरून पाझरतो, तसं होत असतं. मूत्राशयात लिटरभर लघवी महिनोन्महिने तुंबलेली असते, दुखतही नाही, कारण ते हळूहळू ताणलं गेलेलं असतं. वरचं जास्तीचं थेंबाथेंबाने गळतं आणि रात्री झोपेत अंथरूण भिजतं. घरचे म्हणतात, "लघवी तर होतेय की, उलट जास्तच होतेय." तिकडे दाब मागे मूत्रपिंडांवर जातो आणि ती निकामी व्हायला लागतात.

म्हातारपणी नव्याने अंथरूण ओलं होऊ लागलं तर डायपर आणायच्या आधी सोनोग्राफी आणि क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडांचं काम दाखवणारी रक्ततपासणी, करून घ्या. अशा माणसाला मूत्राशय शांत करणारी गोळी चुकून दिली गेली तर उरलीसुरली लघवीही बंद होते.

कोणत्या चाचण्या लागतात?

लघवीची साधी तपासणी सर्वांना. तिच्यात पू-पेशी, रक्तपेशी, साखर, प्रथिनं दिसतात. संसर्गाची शंका असेल तर कल्चर, म्हणजे लघवीतले जंतू वाढवून ओळखायची तपासणी, आणि ती प्रतिजैविक सुरू करायच्या आधी. उलटही सांगतो: काहीही त्रास नसताना नुसते जंतू सापडले म्हणून म्हाताऱ्या माणसाला प्रतिजैविकांचे कोर्सवर कोर्स देऊ नयेत. आपल्या देशात आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. पू-पेशी भरपूर, पण कल्चरमध्ये जंतू नाहीत, असं पुन्हा पुन्हा आलं तर मूत्रमार्गाचा क्षयरोग शोधावा लागतो. त्यात मूत्राशय आकसून लहान होतं आणि माणूस दर अर्ध्या तासाला जातो. त्यासाठी पहाटेची लघवी तपासायला पाठवतात.

रक्तात साखर आणि क्रिएटिनिन. उपाशीपोटी १२६ किंवा एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज देणारी तपासणी) ६.५ टक्के, आणि त्याच्या वर, असं आलं तर मधुमेह. रक्तातली साखर साधारण १८० च्या वर गेली की लघवीत उतरते आणि बरोबर पाणी ओढून नेते.

सोनोग्राफीत मूत्रपिंडं सुजली आहेत का, खडा आहे का आणि लघवी करून आल्यावर किती उरते, हे बघायचं असतं. या उरलेल्या लघवीच्या आकड्याने फार घोटाळा होतो. "लिटरभर पाणी पिऊन या" म्हणतात, मग दोन तास रांगेत बसवतात. मूत्राशय फुटेल असं झाल्यावर अनोळखी संडासात घाईघाईने जायचं आणि परत मशीनखाली. अशा वेळी धडधाकट माणसाचीही शंभर-दीडशे मिली उरते. आकडा जास्त आला तर घाबरू नका. दुसऱ्या दिवशी साधारण लागल्यावर, सावकाश करून, परत मोजून घ्या. ५० मिलीच्या आत असेल तर उत्तम. पुन्हा पुन्हा २००-३०० च्या वर येत असेल तर मूत्ररोगतज्ज्ञांकडे जायलाच हवं.

धार मोजायच्या चाचणीला युरोफ्लो म्हणतात. मशीनला जोडलेल्या भांड्यात लघवी करायची. सेकंदाला १५ मिलीच्या वर वेग चांगला, १० च्या खाली असेल तर अडथळ्याची किंवा थकलेल्या स्नायूची शंका. एकूण १५० मिली तरी व्हायला हवी, नाहीतर आलेख ग्राह्य धरत नाहीत. दुर्बीण आणि मूत्राशयाच्या दाबाच्या चाचण्या सर्वांना लागत नाहीत.

पीएसए करायची की नाही?

डॉक्टरांशी बोलून. पीएसए हे प्रोस्टेटमध्येच तयार होणारं प्रथिन. ते कर्करोगात वाढतं, पण साध्या वाढीत, संसर्गात, लघवी तुंबल्यावर, नळी घातल्यावरही वाढतं. म्हणून जळजळ आणि ताप असताना ही चाचणी करू नका, संसर्ग बरा झाल्यावर सहा आठवडे थांबा. ४ ही जुनी रूढ मर्यादा आहे, आणि सत्तरीत त्याहून थोडा जास्त आकडा चालतो. प्रोस्टेट लहान करणारी फिनास्टेराइड किंवा ड्युटास्टेराइड ही गोळी सहा महिने चालू असेल तर आकडा निम्म्यावर येतो, म्हणून आलेल्या आकड्याची दुप्पट करून बघायची. हे प्रयोगशाळेला माहीत नसतं, तुम्हीच सांगायला हवं.

पंच्याऐंशी वर्षांच्या, इतर आजारांनी खंगलेल्या माणसाची पीएसए केवळ पॅकेजमध्ये आहे म्हणून करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. आकडा वाढलेला निघाला तर पुढे काय करणार, हे आधी ठरवा.

कोणत्या लक्षणांत थांबायचं नाही?

लघवीला लागलंय, ओटीपोट फुगलंय, दुखतंय आणि होतच नाही: त्याच रात्री रुग्णालय. तिथे नळी घालून मोकळं करतात. थंडी वाजून ताप आणि लघवीचा त्रास: तेही लगेच, कारण संसर्ग रक्तात पसरू शकतो. दोन्ही पायांतली ताकद गेली, बसायच्या जागेला बधिरपणा आला आणि लघवी अडली, तर मणक्यात नसा दाबल्या गेल्या आहेत. तिथे तासांचा हिशेब असतो.

लघवीतून रक्त गेलं, दुखलं नाही, दुसऱ्या दिवशी आपोआप थांबलं, म्हणून लोक विसरून जातात. न दुखता गेलेलं रक्तच जास्त काळजीचं. त्या आठवड्यात मूत्ररोगतज्ज्ञांना दाखवा. बीट खाल्लं होतं म्हणून झालं असेल, असं स्वतःशी ठरवू नका.

पाणी कमी प्यायलं तर?

बहुतेक जण आधी हेच करतात, आणि चुकतात. लघवी घट्ट होऊन मूत्राशयाला जास्त टोचते, बद्धकोष्ठ होतं, आपल्या उन्हाळ्यात चक्कर येऊन पडायला होतं. दिवसभरात दीड-दोन लिटर हवंच, पण त्यातलं बहुतेक संध्याकाळपर्यंत. हृदय किंवा मूत्रपिंडाच्या रुग्णांना डॉक्टरांनी ठरवून दिलेलं माप वेगळं असतं. संध्याकाळच्या चहाच्या दोन कपांचा एक करा. ‘सकाळी उठून लिटरभर पाणी’ हे व्रत घेतलेल्यांनी दुपारपर्यंत दर अर्ध्या तासाला जावं लागण्याबद्दल नवल वाटून घेऊ नये.

उपचार काय असतात? कायम गोळ्या खाव्या लागतील का?

कारणावर आहे. अडथळा असेल तर टॅम्सुलोसिन, सिलोडोसिन यांसारख्या गोळ्या मूत्राशयाच्या तोंडाचा स्नायू सैल करतात. काही दिवसांतच धार सुधारते. पण उठताना चक्कर येऊ शकते, म्हणून पलंगाच्या कडेला दोन मिनिटं बसून मग उभं राहावं. वीर्य बाहेर न येता मागे जाऊ शकतं. ते धोक्याचं नाही, पण आधी सांगितलं नाही तर माणूस घाबरतो. मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं असेल तर डोळ्यांच्या डॉक्टरांना ही गोळी आवर्जून सांगा, बुबुळ सैल पडून ऑपरेशन अवघड होतं. ग्रंथी मोठी असेल तर फिनास्टेराइड किंवा ड्युटास्टेराइड देतात. ती लहान व्हायला सहा महिने लागतात, तेव्हा पंधरा दिवसांत सोडू नका. उतावीळ मूत्राशयासाठी मिराबेग्रॉन, सोलिफेनासिन, तेही आधी उरलेली लघवी मोजून. टॅडालाफिल काहींना उपयोगी पडते, पण छातीत दुखल्यावर जिभेखाली गोळी ठेवणाऱ्यांना ती मुळीच चालत नाही. रात्रीची लघवी कमी करणारी डेस्मोप्रेसिन म्हाताऱ्या माणसात रक्तातलं सोडियम (मीठ) धोकादायक पातळीला उतरवू शकते, म्हणून रक्ततपासणीशिवाय नको.

वारंवार तुंबणं, मूत्राशयात खडे, पुन्हा पुन्हा संसर्ग किंवा रक्तस्राव, मूत्रपिंडांवर परिणाम, किंवा गोळ्यांनी गुण न येणं, अशा वेळी ऑपरेशन. ते बहुधा दुर्बिणीतून, बाहेर टाका न घालता होतं.

गोखरू, धने-जिऱ्याचं पाणी यांनी थंड वाटत असेल तर हरकत नाही. पण त्यांच्या भरवशावर तपासणी पुढे ढकलू नका.

खर्चाचं काय? आणि आधी कुणाकडे जायचं?

आधी नेहमीच्या फॅमिली डॉक्टरांकडे. वही, औषधांची पिशवी आणि जुने रिपोर्ट घेऊन गेलात तर पहिल्याच भेटीत अर्धं काम होतं. भरती होऊन करायच्या शस्त्रक्रियांसाठी महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत काय बसतं ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा. सत्तर वर्षांवरच्यांना २०२४ पासून, उत्पन्न कितीही असलं तरी, आयुष्मान भारत योजनेचं कार्ड काढता येतं. त्यात कुटुंबातल्या सत्तरी ओलांडलेल्यांना मिळून वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे रुग्णालयातले उपचार बसतात. बाह्यरुग्ण विभागातल्या तपासण्या त्यात सहसा येत नाहीत.

तपासणीची तारीख दहा दिवसांनी आहे. तोवर घरात काय करायचं?

पलंगापासून संडासापर्यंतच्या वाटेवर रात्रभर मंद दिवा ठेवा. पायपुसणं उचला, त्यात पाय अडकतो. रात्री तीन वाजता घाईत घसरून खुब्याचं हाड मोडलेला माणूस लघवीच्या त्रासाने येतो त्याहून कितीतरी जास्त हाल सोसतो. पलंगाशेजारी युरिनलचं भांडं ठेवा, आणि ते सकाळी रिकामं करण्यावरून कुणी नाक मुरडणार नाही याची काळजी घ्या. बाबांना बसून लघवी करायला सांगा. झाल्यावर लगेच उठू नये, मिनिटभर थांबून परत एकदा प्रयत्न करावा, उरलेली थोडी निघते. धोतर किंवा पायजम्याच्या नाडीची गाठ सुटत नसेल तर इलॅस्टिकचा पायजमा शिवून घ्या.

आणि वही आजच सुरू करा. आकडे बाबांना लिहायला लाज वाटत असेल तर त्यांनी फक्त मोजून सांगावं, लिहायचं काम नातवाला द्या. मुलांना या गोष्टीचं काही वाटत नाही.